घास अडतो तेव्हा

रोज हात जोडून घेतलेला घासच छातीत अडू लागला तर? अ‍ॅकॅलेशिया या आजारात अन्ननलिकेचे खालचे दार नीट उघडत नाही. पूर्वकर्म म्हणून सोसत बसू नका. पोटविकारतज्ज्ञांकडून मॅनोमेट्री तपासणी करून घ्या. १९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर यांनी केलेली शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतूनही होते. ‘अशा किती केल्या?’ हे सर्जनला नम्रपणे, पण जरूर विचारा. तारीख येईपर्यंत ताठ बसून, लहान घास सावकाश चावून खा. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवा. पाणीही उतरेना झाले तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि पंगतीत कोणी मागे राहिले, तर त्याच्यासाठी आपण पानावर थांबावे. त्या दिवशीची आपली सेवा तीच.