डोके कोणाचे?



"डॉक्टर, डोकं माझं आहे. फुटलं तर माझं फुटेल. सरकारचं काय जातं?" हेल्मेटचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येते. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर असाच होता. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. माणसाचे स्वातंत्र्य ही देवाचीच देणगी आहे. पण डोके खरोखर एकट्याचे असते का?

मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ असतो, वजन साधारण १४०० ग्रॅम. गाडी आदळते, कवटी जागच्या जागी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन आतल्या हाडावर आपटतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर अशा वेळी दबतो आणि धक्का सौम्य करतो. एवढेच त्याचे काम.

मेंदूला मार लागलेले पुष्कळजण मरत नाहीत, घरी परत येतात. जखम भरते, केस उगवतात, शेजारी म्हणतात, "देवाची कृपा, वाचला." पण घरचे जाणतात की हा तो माणूस नव्हे. शांत होता, आता ताटावरून उठून भांडतो. हिशेबाला पक्का होता, आता दुकानातून सुटे पैसे आणायचे विसरतो. कामावर कोणी ठेवत नाही. मग बायको कांद्याच्या वखारीत जाते आणि थोरल्या मुलीची शाळा सुटते. डोके त्याचे होते. भोग कोणाच्या वाट्याला आला?

आणखी एक गोष्ट सांगतो. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध गृहस्थ मोटारसायकलवरून जात होते. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना ते पडले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांना पाहायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी युद्धकाळात मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या जवानांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. सैन्यात हेल्मेट आले. सर्वसामान्यांसाठी ब्रिटनमध्ये कायदा व्हायला मात्र १९७३ उजाडले. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा: हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे आकडे कोणाच्या डोक्यांतून आले? फुटलेल्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. आपल्या माणसाचा मृतदेह समोर असताना नातेवाइकांनी संशोधनासाठी संमती द्यायची, तेव्हा तिथे मेंदू जमा होतो. अशा माणसांच्या देण्यावर आमचे वैद्यकशास्त्र उभे आहे. ते शहाणपण हँडलला अडकवून फिरवायचे, ही मला कृतघ्नता वाटते.

"खून करू नको" ही पाचवी आज्ञा आपण पाठ म्हणतो, पण ती रस्त्यावर लावत नाही. धर्मशिक्षणग्रंथाने मात्र दारू पिऊन वा वेगाच्या हौसेने स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी ठरवले आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा काढल्या, त्यातली पहिली हीच.

विरोधकांचे एक म्हणणे मला पटते. खड्डे तसेच ठेवून नुसती पावती फाडणे हा न्याय नव्हे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा अंधारात उभ्या दिसतात. त्यावर आपटणाऱ्याला हेल्मेट तरी किती वाचवणार? ट्रॉलीवाले आपल्यातही असतील. त्यांच्या हातात दुसऱ्यांची डोकी आहेत.

आता रविवारचे चित्र पाहा. मिस्साला येताना नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असते, कारण पावती त्याची फाटते. मागे बायको पदर सावरत, मध्ये लेकरू, दोघांची डोकी उघडी. कलम १२९ मागे बसणारालाही लागू आहे. २०२२ च्या नियमानुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलालाही हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. दुसरे हेल्मेट घ्यायला गेलात, तर वहिनींना सोबत न्या. मापाचे बसले पाहिजे, आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर पडताना ते डोक्याच्या आधी निघून जाते.