वाक्प्रचारांच्या वहीबाहेर

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते सुरू झालं २००० साली. तोवर आमची पिढी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन-मार्टिनचं व्याकरण घोकून बाहेर पडली होती. वाक्प्रचारांची वही वेगळी. 'किक द बकेट', 'अ‍ॅपल ऑफ डिस्कॉर्ड', झालंच तर कुत्र्या-मांजरांचा पाऊस. पुढे नोकरीत इंग्रज माणसं भेटली, पण हा पाऊस काही कुणाच्या तोंडून पडला नाही.

अडायचं ते भलतीकडेच. 'टेल मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी' का नाही? 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन का होत नाही? जन्माने इंग्रजी बोलणाऱ्याला विचारावं, तर तो म्हणे, "आम्ही असंच म्हणतो." त्याचा तरी काय दोष? 'मला आवडतं' पण 'मी पसंत करतो', असं का, हे मला कुणी विचारलं तर मीही गप्पच बसेन.

उत्तरं मिळाली ती हॉर्नबीच्या कोशात. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये जपानला इंग्रजी शिकवायला गेले. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शिकणाऱ्यांसाठी केलेला हा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, तेही जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत असताना! ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. कुठल्या क्रियापदामागून काय येतं, याचे साचे त्यात ठरवून दिलेले; कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही, याचीही खूण. लंडनच्या वाचकाला यातलं काहीच लागत नाही. हे लागतं ते परक्या वर्गात शिकणाऱ्याला, म्हणून असा कोश जपानी वर्गातून निघाला याचं मला नवल वाटत नाही. माझ्या अडचणी तिथल्या मुलांना माझ्या आधीच आल्या होत्या.

साचे कळले तरी सूर कळत नाही, ही गोष्ट वेगळी. अमेरिकन माणूस आपल्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाला तर बहुधा तो खूश असतो. इंग्रज साहेब तेच म्हणाला तर ती कौतुकाची थाप असेल, किंवा हात राखून दिलेले जेमतेम पासापुरते गुणही असतील. मी लगेच 'थँक यू' म्हणत नाही. पुढचं वाक्य 'बट'ने सुरू होतंय का, एवढं आधी ऐकून घेतो.