अनित्यतेचा धर्म आणि गोर्योचा राजवाडा

सर्व संस्कार, म्हणजे कारणांतून घडलेल्या सर्व वस्तू, अनित्य आहेत असे शिकवणाऱ्या धर्माकडे एखाद्या राज्याने स्वतःच्या चिरस्थैर्याची हमी मागावी, यात विसंगती आहे काय, हा प्रश्न कोरियातील गोर्यो राजवटीच्या (इ.स. 918–1392) उद्ध्वस्त राजवाड्याचा विचार करताना टाळता येत नाही. संस्थापक वांग गन याने 919 मध्ये सोंगाक पर्वताच्या पायथ्याशी, आजच्या उत्तर कोरियातील केसाँग येथे, राजधानी वसवली; त्याच्या नावावर असलेल्या दहा उपदेशांपैकी पहिल्यातच राज्याची उभारणी बुद्धांच्या संरक्षक सामर्थ्यावर झाल्याचे म्हटले असून, सहाव्यात दीपोत्सव आणि ‘फाल्ग्वान्ह्वे’, म्हणजे अष्टशीलावरून नाव पडलेला राजसोहळा, काहीही अधिकउणे न करता चालू ठेवण्याची आज्ञा आहे. राजवाडा मात्र 1011 मध्ये खितानांच्या स्वारीत आणि 1126 मध्ये यी जा-ग्योम या सरदाराच्या बंडात जळाला, दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला, आणि 1361 मध्ये चीनमधील लाल फेटेवाल्या बंडखोरांनी तो जाळल्यावर कायमचा ओस पडला.

2007 ते 2018 या काळात दोन्ही कोरियांच्या अभ्यासकांनी, आपसांतील राजकारणामुळे वारंवार खंड पडूनही, राजवाड्याच्या पश्चिम भागाचे जे संयुक्त उत्खनन केले त्यात सुमारे 40 इमारतींचे अवशेष, कौले, हिरवट झिलईची भांडी आणि छपाईचे धातूचे खिळेही सापडले. डोंगरउतार कापून सपाट करण्याऐवजी उताराच्या कलाने दगडी चौथरे टप्प्याटप्प्याने चढवलेले आहेत, आणि त्यामागे ‘पुंगसू’, म्हणजे भूमीतील प्राणशक्तीला धक्का न लावता बांधकाम करण्याची विद्या, होती असे मानले जाते. भूमीशी सतत जुळवून घेण्याची अशी दृष्टी असलेल्या राज्याला संरक्षण हे एकदाच पदरात पडलेले वरदान वाटणे शक्य नव्हते; प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे कारणे असतील तोवरच कार्य टिकते या सिद्धान्ताच्या, अंगाने पाहता पुण्याची कारणे सतत नव्याने जुळवावी लागतात, आणि सोहळा दरवर्षी करण्याचा अर्थ इथेच सापडतो. मंगोल स्वारीत 1232 मध्ये त्रिपिटकाच्या, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या, छपाईसाठी कोरलेल्या फळ्या जळाल्या, तेव्हाही दरबाराने बुद्धाने पाठ फिरवली असे न मानता 1236 ते 1251 दरम्यान 80,000 हून अधिक फळ्या पुन्हा कोरवून घेतल्या, आणि त्या हेइन्सा मठात अद्याप सुरक्षित आहेत.

पुढील जोसॉन राजवटीचा कन्फ्यूशियसवादी विचारवंत जोंग दो-जॉन याने 1398 मध्ये बौद्ध मताचे खंडन करताना बुद्धाची सेवा करणाऱ्या राजांवर अनर्थच ओढवले असा इतिहासाचा दाखला दिला. हा आक्षेप बुद्धाशी देवाणघेवाण करू पाहणाऱ्या राजांना निश्चितच लागू पडतो. धर्मसिद्धान्ताला तो लागू पडत नाही, कारण त्या सिद्धान्ताने राजवाड्याला संस्कारांच्या यादीतून कधीच वगळले नव्हते.