सिग्नलला बंद पडणारी गाडी



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६ आणि ३३ ते ३५

बाबांची गाडी १९९६ची आहे, कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत जाऊन पासिंग करून घेतलं, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. बाबा ती विकत नाहीत, कारण शेजारच्या सीटवर आई बसायची. आई जाऊन दीड वर्ष झालं.

गेले दोन महिने ही गाडी सारखी बंद पडत होती. हायवेला एकदम मस्त पळायची. पण सिग्नलला थांबून एक्सलरेटरवरचा पाय काढला, की थरथरायची आणि गप्प. मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फ्युएल पंपसुद्धा बदलला. फरक शून्य. एका गॅरेजवाल्याने स्लो वाढवून दिला. मग उभ्या गाडीतही इंजिन घोंघावत राहायचं, पेट्रोल जास्त जायचं, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. एकदा नळ स्टॉपला भर गर्दीत बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. मी बाबांवर ओरडले, "विकून टाका ना हे धूड!" बाबा काहीच बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे गेलो. "काय काय बदललंत?" हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "बंद कधी पडते?" मग स्लो पूर्ववत केला, इंजिन नुसतं चालू ठेवलं आणि कान देऊन उभे राहिले. एकेक रबरी नळी चाचपत गेले. एका नळीवर बोट दाबलं आणि थरथर थांबली! उष्णतेने कडक होऊन ती तडकली होती. तिथून आत हवा शिरत होती.

मी विचारलं, "काका, मग हायवेला कशी चालते?" ते म्हणाले, "पळताना इंजिन भरपूर हवा ओढतं, त्यात एवढीशी फट कळत नाही. उभी राहिली की आत हवाच थोडी जाते, मग तेवढी फटही पुरते. गाडीचा खरा दोष उभी असताना कळतो, ताई."

हे वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन सहावा अध्याय उघडला. अर्जुन हा आयुष्यभर धावपळीत जगलेला वीर. पण मन आवरत नाही, ते वाऱ्यासारखं आहे, ही तक्रार तो नेमकी कुठे करतो? स्थिर आसनावर बसण्याचं वर्णन ऐकल्यावर! आणि भगवंत त्याला खोटं पाडत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि मगच अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्याआधी सव्विसाव्या श्लोकात ते म्हणतात, मन जिथून जिथून निसटतं, तिथून तिथून ते परत आणावं. मी हा श्लोक "मन परत आणा" एवढाच वाचत आले होते. "जिथून" हा शब्द कधी नीट पाहिलाच नव्हता. फट कुठे आहे हे बघायलाही सांगितलंय की!

आता माझं सांगते. दीड वर्ष मी पळतेय. ऑफिस, रविवारची सेवा, कीर्तनाची तयारी. सगळे म्हणतात, किती सावरलीस! पण जपाला बसले की पाचव्या मिनिटाला उठते. त्यावर उपाय म्हणून नवी माळ घेतली, वेळ बदलली, ॲप बदललं. सेवा आणखी वाढवली. म्हणजे प्लग बदलले आणि स्लो वाढवला.

त्या रात्री ठरवून बसले आणि मन कुठून निसटतं तेवढंच पाहिलं. प्रत्येक वेळी एकच जागा. आईचा शेवटचा फोन मी कट केला होता. "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज टाकला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग सत्कर्मात गुंतणं चूक का? नाही. गाडी चालण्यासाठीच असते. पण जी सेवा मला स्वतःसमोर थांबू देत नाही, तिला मी भक्ती म्हणावं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

सकाळी चहा घेताना बाबांना सांगितलं. आधी गाडीवरून ओरडल्याची माफी मागितली, मग फोनचं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिने मला तो मेसेज दाखवला होता. म्हणाली, पोरगी कामात आहे, नंतर बोलू."

आम्ही दोघंही रडलो. फट बुजली असं म्हणणार नाही. पण ती कुठे आहे हे आता माहीत आहे, आणि काल जपाला अकरा मिनिटं बसले.

आजचा अभ्यास: दहा मिनिटं फोन लांब ठेवून नुसतं बसा. मन भटकलं तर चिडू नका. ते कुठून निसटलं, तेवढं बघा, आणि नाम घेत परत या.

राम कृष्ण हरी!