सिस्टर, तुम्हाला कुठे दुखते?

ज्याचे स्वतःचे अंग रोज दुखते, त्याने दुसऱ्याच्या दुखण्याची सेवा करावी का? आणि करायची असेल तर आपले दुखणे झाकून करावी की सांगून? हा प्रश्न पुस्तकातला वाटेल. पण आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांत रोज पहाटे कोणीतरी पाठीला पट्टा बांधते, डबा भरते आणि चर्चगेट लोकल पकडायला निघते. त्या घरांत हा प्रश्न जुनाच आहे.

आम्ही परिचारिका आहोत. वसईच्या मुलींनी मुंबईच्या इस्पितळांत जाण्याची वाट आमच्या आधीच्या बायकांनी पाडली. आमच्यापैकी काहींना मणक्याचे दुखणे आहे, काहींना आमवात आहे, आणि एक-दोघींना असे दुखणे आहे की त्याचे नाव सांगितले तरी ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन म्हणते. आमची दुखणी वर्षानुवर्षांची आहेत. ती कधी वाढतात, कधी उतरतात, पण घर सोडून जात नाहीत.

हे दुखणे येते कुठून, ते आधी सांगायला हवे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावे लागते. माणूस साठ-सत्तर किलोचा. शिकताना आम्हांला सांगितले होते की हे काम दोघींनी मिळून, खाली चादर घालून करायचे. पण रात्रपाळीला दुसरी सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला सलाइन लावत असते आणि रुग्ण इकडे ओला झालेला असतो. वाट पाहायची की वाकायचे? परिचारिका वाकते. हे एकदा नव्हे, वीस वर्षे. पाठदुखी हा जगभरच्या परिचारिकांचा आजार आहे, त्यात गूढ काही नाही.

आमवाताची गोष्ट वेगळी. त्याचे मूळ कामात नसते, पण तो कामावरच उठतो. सकाळी उठल्यावर बोटे तासभर, कधी त्याहून जास्त, आखडलेली असतात. इंजेक्शनच्या बाटलीचे टोक मोडणे, सुईचे टोपण काढणे, लहान मुलाच्या हाताची शीर शोधणे ही सगळी कामे बोटांच्या टोकांची. त्याच बाईला दुपारची पाळी दिली तर तिचे हात चांगले चालतात. पाळी बदलणे ही फार मोठी मागणी नाही. पण ती मागायची तर कारण सांगावे लागते, आणि गाडी तिथेच अडते.

इस्पितळात आम्ही रुग्णाला एक प्रश्न विचारतो: शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचे दुखणे कितीवर आहे? तो सात म्हणाला तर आम्ही सात लिहितो. चेहरा शांत दिसतो म्हणून चार लिहीत नाही. हा नियम आमच्याच व्यवसायातल्या एका बाईने घालून दिला. मार्गो मॅककॅफरी ही अमेरिकन परिचारिका. तिने 1968 साली मांडले की ज्याला दुखते तो जे सांगतो तेच त्याचे दुखणे, आणि तो म्हणतो तेव्हा ते असते. त्यापूर्वी रुग्णाने किती विव्हळावे हेही जणू वरचे लोक ठरवत. पुढे 2020 साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या जोडीला हेही नमूद केले की दुखते असे कोणी सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखावा.

आता हाच नियम सिस्टरला लावून पाहू. ती म्हणाली की आज माझे दुखणे सातवर आहे, तर काय होते? कोणी म्हणते, काल तर हसत होतीस. कोणी म्हणते, एक्स-रेमध्ये तर काही दिसत नाही. एकीला तर, नाव न सांगितलेले बरे अशा एका ठिकाणी, वजन उचलता येत नसेल तर घरी बसा, असे तोंडावर ऐकवले गेले. दिवसभर इतरांच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवायला कोणी नसते. मग ती गप्प बसते. कंत्राटावरची असेल तर नक्कीच गप्प बसते, कारण कंत्राट अकरा महिन्यांचे आणि घराचे हप्ते पंधरा वर्षांचे.

गप्प बसण्याला आपल्यात फार मान आहे. ‘किती सोसते, पण तोंडातून शब्द नाही,’ असे आपण कौतुकाने म्हणतो. मयताच्या प्रवचनातही हे वाक्य ऐकू येते. त्या सोसण्याला आम्ही कमी लेखत नाही. पण परिचारिकेच्या बाबतीत या गप्प बसण्याला दुसरी बाजू आहे आणि ती रुग्णाच्या खाटेवर आहे. पाठीत कळ आली आणि उचलताना हात सुटला तर पडतो तो रुग्ण. दुखणे दाबायला झोप आणणारी गोळी घेतली आणि औषधाचा डोस मोजायला बसले, तर धोका त्याचाच. म्हणून आमचे मत असे की आपले दुखणे सांगणे हे परिचारिकेच्या कर्तव्यातच येते. ज्या दिवशी उचलणे जमणार नाही त्या दिवशी ‘मला जोडीला कोणीतरी द्या’ असे तिने म्हणावे. यात तिच्या त्यागाला कमीपणा येत नाही. मात्र हे कर्तव्य तिच्या एकटीच्या गळ्यात बांधता येणार नाही. सांगितल्याबद्दल जिथे नोकरी जाते, तिथे न सांगण्याचे पाप कोणाच्या नावे लिहायचे? आम्ही ते तिच्या नावे लिहिणार नाही.

आता जरा आपल्या चर्चमध्ये येऊ. दुखणेकऱ्याला आपण पटकन म्हणतो, ‘देवाला अर्पण कर.’ यामागे खरी श्रद्धा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखावर एक पत्र लिहिले. 1981 च्या मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे हा विषय त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्या पत्राच्या शेवटाकडे ते दोन गोष्टी शेजारी ठेवतात: आपल्या दुःखातून भले करणे, आणि दुःखात असलेल्याचे भले करणे. दुखणेकरी परिचारिका या दोन्ही गोष्टी एकाच अंगाने, एकाच पाळीत करत असते. पण अर्पण ज्याचे असते त्यानेच ते करायचे असते. दुसऱ्याचे दुखणे आपण देवाला देऊ शकत नाही, आणि ‘अर्पण कर’ म्हणून आपली सुटका करून घेणे तर त्याहून सोपे. ज्याने खुर्ची पुढे करायची, त्याने उपदेश पुढे केला तर काय म्हणावे?

गेथशेमनीच्या बागेत प्रभू येशूने आपल्यासमोरचा प्याला दूर व्हावा अशी विनंती केली, ती तशीच शुभवर्तमानात लिहिलेली आहे. कोणी ती झाकली नाही. संत पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली. तो काटा नेमका कोणता, यावर विद्वान अजून वाद घालत आहेत. आणि क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी आपण दर उपवासकाळात थांबतो, तिथे कुरेनेकर शिमोन क्रूस उचलायला हात लावतो. तोही स्वखुशीने आलेला नव्हता, शिपायांनी त्याला धरून आणले होते. पण प्रभूने त्याला ‘राहू दे, मी एकटा नेतो’ असे म्हटल्याचे कुठे लिहिलेले नाही.

गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असेही काही घरांत अजून मानतात. 1957 सालीच पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की वेदनाशामक औषध घेणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य नाही. वर्षानुवर्षे रोज गोळ्या घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात ही गोष्ट खरी, पण ती डॉक्टरांशी बोलायची. कबुलीत सांगायची नव्हे.

आणि गुडघे टेकण्याबद्दल थोडेसे, कारण ते रविवारी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. रात्रपाळी करून सकाळच्या मिस्साला आलेली बाई अभिषेकाच्या वेळी बाकावर बसून राहते. मागच्या बाकावरचे बघतात. मिस्साच्या नियमांतच लिहिले आहे की प्रकृतीमुळे जमत नसेल तर गुडघे टेकण्याची सक्ती नाही. नियम माहीत नसणे आम्ही समजू शकतो. पण ते बघणे ओळखीचे आहे: एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, तसलेच.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस दे लेलीस स्वतः दुखणेकरी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इटलीत 1550 साली जन्मलेला हा उंचापुरा शिपाई आणि पक्का जुगारी. पायाला जखम झाली ती बरी होईना, म्हणून तो रोमच्या सान जाकोमो इस्पितळात आला. तिथेच नोकर राहिला, आणि पत्त्यांच्या नादापायी काढून टाकला गेला. पुढे मन पालटले, कापुचिन संघात गेला, तर त्याच जखमेने त्याला पुन्हा बाहेर काढले. परत तेच इस्पितळ. शेवटी तो तिथला कारभारी झाला, 1584 साली धर्मगुरू झाला आणि रुग्णसेवेचा संघ त्याने उभा केला. आईने आपल्या एकुलत्या आजारी लेकराची करावी तशी रुग्णाची सेवा करा, अशी त्याची आपल्या माणसांना शिकवण होती. पायाची जखम चाळीसहून अधिक वर्षे, 1614 साली मरेपर्यंत, सोबत राहिली. ती त्याने लपवली नाही. लपवता आलीही नसती, तो लंगडत असे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपल्याकडे हातात दिवा घेतलेलेच असते. पण क्रिमियात 1855 साली ती जी आजारी पडली त्यातून ती कधी पुरती सावरली नाही. 1857 नंतरची कितीतरी वर्षे तिने बहुतांशी खोलीत, अंथरुणावर आणि पाठीच्या कळा सोसत काढली. दिवा घेऊन फिरणे संपले. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यावर 1863 साली जो अहवाल निघाला, त्यासाठीही तिने त्याच खोलीतून मेहनत घेतली. हिंदुस्थान तिने कधी पाहिला नाही. तिने सेवा सोडली नाही, सेवेची जागा बदलली. अर्थात ती श्रीमंताघरची होती. महिनाअखेरच्या पगाराकडे डोळे लावून बसलेले तिच्या घरात कोणी नव्हते, हेही विसरता कामा नये.

दुखणे असलेली परिचारिका अधिक मायाळू होते का? लोक आम्हांला हे मोठ्या अपेक्षेने विचारतात. खरे उत्तर असे की कधी होते, कधी होत नाही. ज्या दिवशी रात्रभर झोप नसते त्या दिवशी किरकोळ खरचटल्यावर ओरडणाऱ्या माणसाचा राग येतो. दुखणे माणसाला आपोआप चांगले करत नाही. एक गोष्ट मात्र दुखण्याने कळते: उशी कुठे द्यायची. गुडघ्याखाली दिलेली एक घडी कमरेला किती हलके करते, हे पुस्तकात असतेच, पण ज्याने रात्री तीन वाजता स्वतः करून पाहिले आहे, त्याचा हात तिथे न सांगता जातो.

सोय करता येते. वर-खाली होणारी खाट, रुग्णाला सरकवायची निसरडी चादर, पाळीची अदलाबदल, वॉर्डाऐवजी लसीकरण किंवा नव्या मुलींना शिकवण्याचे काम. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने वाजवी सोयी देण्याचे तत्त्व मान्य केले आहे, पण त्यातल्या एकवीस प्रकारांत दीर्घकालीन दुखणे असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळजणी कागदावर धडधाकट आहेत. सोय मिळाली तर ती एखाद्या समजूतदार मेट्रनच्या कृपेने.

आमच्यातल्या एकीला अशी मेट्रन मिळाली आहे. लसीकरणाच्या खोलीत जागा रिकामी होते आहे, अर्ज कर, असे तिने आपणहून सांगितले. खुर्ची आहे, रात्रपाळी नाही, वजन उचलणे नाही. भत्ता कमी होईल, तो हिशेब घरात मांडून झाला आहे आणि नवऱ्याने हो म्हटले आहे. पण कर्करोगाच्या वॉर्डात ती अठरा वर्षे आहे. तिथल्या बायका केमोथेरपीला आल्या की आधी तीच हवी म्हणतात. तिने गेल्या आठवड्यात आम्हांला विचारले, जाऊ का? आमच्यात दोन मते पडली. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.