चाखणारा उरतो का?

रसवंतीच्या चरकातून पडतो तोही रस आणि ‘मला त्यात रस नाही’ म्हणतो तोही रस. पहिला वस्तूत, दुसरा माणसात. तैत्तिरीय उपनिषद ब्रह्मालाच रस म्हणते, तेव्हा यातला कोणता घ्यायचा? प्रश्न निव्वळ शब्दाचा नाही. मुक्तीत चाखणारा उरतो की नाही, हे त्यावर ठरते. जुना वापर पहिल्या बाजूचा आहे. ऋग्वेदाचे नववे मंडल सोमाचे: दगडांनी ठेचलेली वनस्पती, लोकरीच्या गाळणीतून उतरणारा रस. छांदोग्य उपनिषद त्याच धर्तीवर भूतांचा रस पृथ्वी, पृथ्वीचा पाणी, पाण्याचा वनस्पती, वनस्पतींचा माणूस असे पिळत पिळत सामगानातल्या उद्गीथापर्यंत पोचते. इथे रस म्हणजे सार. वैशेषिक दर्शनकारांनीही रस द्रव्याचाच गुण मानला आणि पाण्याचा रस फक्त गोड ठरवला. मग लिंबाच्या रसाचे काय? तो आंबटपणा त्यातल्या पार्थिव अंशाचा, हे न्याय-वैशेषिकांचे उत्तर तयार असे!

पण तैत्तिरीय नुसत्या सारावर थांबत नाही. तो रस लाभला की माणूस आनंदी होतो, असे ते पुढे म्हणते, आणि कुणी अनुभवल्याशिवाय आनंद कसला? यावर गीतेचा दुसरा अध्याय आडवा येतो. निराहारी माणसाचे विषय सुटतात, रस मागे राहतो, आणि परतत्त्व दिसल्यावर तोही जातो. मात्र शंकराचार्य तिथे रसाचा अर्थ राग, म्हणजे आसक्ती, असा करतात. जे हाती नाही त्याची ओढ गेली, म्हणून जे लाभले त्याची गोडीही गेली असे होत नाही. खरा आक्षेप अद्वैताचा आहे: चाखणारा आणि चाखायचे असे दोन उरले, तर अद्वैत कुठे राहिले? याचे सर्वांत पटणारे उत्तर मला वेदान्तात नव्हे, नाट्यशास्त्राच्या टीकेत दिसते. ती लिहिणारे अभिनवगुप्त स्वतः अद्वैती. त्यांच्या मते रस आस्वादाहून वेगळा कुठे साठवलेला नसतो. आस्वाद हाच रस. रंगलेल्या प्रेक्षकाचे मी-माझे गळते, अनुभव मात्र गळत नाही. म्हणजे चाखणाऱ्याचा अहंकार जाऊनही चाखणे राहू शकते. तुकोबांना एवढ्याने भागत नाही. ते मुक्ती नाकारून गर्भवास मागतात. त्यांना गोडी घेणारा भक्तही हवा आहे. त्या मागणीला अभिनवगुप्तांचे उत्तर पुरे पडत नाही, कारण नाट्याचा रस खेळाबरोबर संपतो आणि प्रेक्षकाचे मी-माझे परत येते.