मावळे पुन्हा रंगवू नकोस

चि. सोनूस,


तुझ्या प्लास्टिकच्या मावळ्यांचे फोटो पाहिले. पागोट्यांवर आणि अंगरख्यांच्या चुण्यांत पांढरट झाक आलीय खरी. पण थिनरने पुसून सगळे मावळे नव्याने रंगवायचा तुझा विचार आहे, तो आधी डोक्यातून काढ. थिनर वॉर्निशबरोबर खालचा अ‍ॅक्रिलिक रंगही उचलतो आणि प्लास्टिकलाही खातो. तुझा रंग शाबूत आहे. बिघडलंय ते वरचं वॉर्निश.

चिपळूणला भर श्रावणात स्प्रे मारलास, हे एक कारण. स्प्रेतलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा वॉर्निशच्या पापुद्र्यात अडकतो. दुसरं कारण मॅट वॉर्निशमध्येच असतं. चमक मारण्यासाठी त्यात बहुधा सिलिकाची बारीक पूड घालतात. ती तळाशी बसते. कॅन नीट हलवला नाही किंवा हात जाड बसला, की खोलगट जागी ती साचते. पांढरेपणा चुण्यांतच जास्त आहे, म्हणून माझा संशय या पुडीवर आहे.

आता एक कर. ढालीच्या मागच्या बाजूला ओल्या ब्रशने पाणी लाव. ओलं असेपर्यंत रंग पूर्वीसारखा दिसला तर निर्धास्त हो. घासलेली काच ओली केली की आरपार दिसते, त्यातलाच हा प्रकार: खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि खळगे भरले की पांढरेपणा जातो. पाणी वाळतं, म्हणून ते काम ग्लॉस वॉर्निशकडून करून घ्यायचं. ब्रशने पातळ हात दे, चुण्यांत साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घे आणि दिवसभर वाळू दे. मावळे चकाकतील, पण ती चमक नंतरच्या मॅटने जाते.

पाण्याने फरक पडला नाही, तर दोष पापुद्र्याच्या आत आहे. मग कोरड्या दिवशी त्याच वॉर्निशचा हलका फवारा मारून बघ. नवं द्रावण जुना थर मऊ करतं आणि अडकलेला ओलावा बाहेर पडू शकतो. तरीही एखादी चुणी पांढरीच राहिली, तर तेवढ्यापुरता वरून रंग लाव. काहीजण ऑलिव्ह तेल चोळायला सांगतात. पांढरेपणा त्याने जातो, पण तेलकट अंगावर पुढचं वॉर्निश नीट धरत नाही. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

मॅट मारताना आतली गोळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटं कॅन हलवत राहा. अंतर वीतभर ठेव. फार लांबून मारलंस तर थेंब हवेतच वाळून पुडीसारखे बसतात. आधी एखाद्या रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघ.

किल्ल्यावर मांडायला दिवाळीपर्यंत वेळ आहे. तोवर मावळे ग्लॉसवरच राहू देत. पाऊस गेला, हवा कोरडी झाली, की मगच मॅटचा कॅन हातात घे.

तुझा,
मामा